प्रतिसाद: मूळचा गिलावा पुन्हा का चढवत नाहीत?

वर विचारलंय की फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनचा कास्तियो दे सान मार्कोस हा स्पॅनिश किल्ला मूळचा पांढराशुभ्र होता, बुरुजांवरच्या चौक्या लाल होत्या, मग आता तसाच रंगवून का काढत नाहीत? रंगाचं खरंच आहे, भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो नुसता शोभेचा नव्हता, पावसापासून दगड राखायचा. आज दगड उघडा आहे आणि झिजतोय, त्यामुळे प्रश्न रास्तच.

दगड म्हणजे कोकिना, समोरच्या अनास्तासिया बेटावरचा. जवळून पाहिलं तर नुसते शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटलेले. १६७२ ला काम सुरू झालं, १६९५ ला संपलं. हा ठिसूळ दगड टिकेल असं कुणाला वाटेल? पण १७०२ आणि १७४० च्या इंग्रजांच्या वेढ्यांत तोफगोळे भिंतीत रुतून बसायचे, भिंत काही फुटली नाही.

पण 'पूर्वीसारखं' करायच्या हौसेचं उदाहरण तिथेच आहे. खंदक मुळात कोरडा, वेढ्यात गुरं ठेवायला उपयोगी. विसाव्या शतकात त्यात पाणी सोडलं, कारण खंदक म्हटलं की पाणी हवंच! पायाला धोका दिसल्यावर १९९० च्या दशकात ते काढावं लागलं.

टेक्ससमधल्या प्रेसिदिओ ला बाइया या स्पॅनिश लष्करी ठाण्याची गोष्ट वेगळी. तिथे चॅपल सोडता बहुतेक पडझडच होती, म्हणून १९६० च्या दशकात तटबंदी नव्याने उभारली. कास्तियो मात्र उभा आहे. माझं मत विचाराल तर गिलावा एखाद्या कोपऱ्यात चुन्याचाच करून बघावा, सिमेंट अजिबात नको. कडक सिमेंटमुळे ओल आत अडकते आणि मऊ दगडच आधी सुटतो.