फ्री डिशवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर लावलं तर आवाज येतो, चित्र काळं

संत्राबाग_मोर्शी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे फ्री डिश आहे आणि बॉक्सला पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं. मामाजींनी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचा कार्यक्रम असाच धरून ठेवला आहे. शास्त्रज्ञ झाडाच्या बुंध्याची सडलेली साल चाकूनं खरवडतात आणि वर बोर्डो मलम लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. पण साल कुठपर्यंत खरवडायची, निरोगी भाग कुठून सुरू होतो, हे डोळ्यानं पाहिल्याशिवाय समजत नाही. पावसाळ्याच्या आधी बाजूच्या बागवाल्यांना हे मोठ्या पडद्यावर दाखवायचं आहे, म्हणून फाईल कॉम्प्युटरवर घेतली.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये आवाज स्वच्छ येऊन राहिला, चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. विंडोजच्या स्वतःच्या प्लेयरमध्ये फाईल उघडतच नाही. दिवाळीत तालुक्याच्या दुकानातून विंडोज १० नव्यानं टाकून आणलं, तेव्हापासून स्क्रीनवरची अक्षरंही फुगल्यासारखी दिसतात. बॉक्सवर तोच पेनड्राइव्ह लावला की टीव्हीवर कार्यक्रम चालतो, पण मधे एका ठिकाणी चित्राचे चौकोन-चौकोन होतात. फाईल खराब झाली की कॉम्प्युटर? मामाजींना वाटते रेकॉर्डिंग गेलं, आणि तो कार्यक्रम परत कधी लागेल कोणास ठाऊक.

डिशवाला_आर्वी
ताई, मामाजींना आधी सांगा, रेकॉर्डिंग गेलं नाही. आवाज येऊन राहिला म्हणजे फाईल कुलूपबंद नाही. पैसेवाल्या डिशच्या बॉक्सचं रेकॉर्डिंग बहुतेक त्याच बॉक्सला बांधलेलं असते, ते कॉम्प्युटरवर नेलं तर काहीच चालत नाही. तुमचं तसं नाही.

अक्षरं फुगली म्हणता, तिथंच दुखणं आहे. स्टार्टवर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले ॲडॉप्टर्स पाहा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लिहिलं असेल तर विंडोज टाकताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायला लागणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिला. कामचलाऊ ड्रायव्हरवर चित्र काढायला व्हीएलसीला जड जाते. कॉम्प्युटरच्या मागं मॉडेल नंबर असते, कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचा ड्रायव्हर शोधा. गावात रेंज नसली तर रेंज असेल तिथं जाऊन फोनवर डाउनलोड करा आणि केबलनं टाका.

तोवर काम अडू नये म्हणून व्हीएलसीत टूल्स, मग प्रेफरन्सेस. इनपुट-कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग डिसेबल करा, व्हिडिओमध्ये आउटपुट ‘विंडोज जीडीआय’ करा, सेव्ह करा आणि व्हीएलसी बंद करून परत उघडा. विंडोजच्या प्लेयरचं सोडा. तुमच्या रेकॉर्डिंगचं चित्र बहुतेक एमपेग-२ पद्धतीनं साठवलेलं आहे, आणि ते उलगडणारा कोडेक विंडोज १० मध्ये आपोआप येत नाही, वेगळा टाकावा लागते. व्हीएलसीत तो आधीच आहे.

ते चौकोन दर वेळी त्याच सेकंदाला येतात का, एवढं पाहून सांगा.

संत्राबाग_मोर्शी
दादा, बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टरच लिहिलं आहे! तुम्ही सांगितलं तसं केलं आणि चित्र आलं. मामाजी खुर्ची ओढून समोरच बसले. चौकोन मात्र दर वेळी त्याच ठिकाणी, चाकू सालीला लागतो तिथं. आणखी एक: शास्त्रज्ञांचा हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. हात थांबला की रेघा गायब. टीव्हीवर असं दिसत नाही. नेमका हातच पाहायचा आहे हो आम्हाला.

गुरुजी_दारव्हा
रेघांचं मी सांगतो, शाळेत मुलांना जुने कार्यक्रम दाखवताना हेच होते. आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवतं. एकात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी. दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात हात सरकलेला असतो. टीव्ही त्या ओळी नीट जुळवून घेतो, कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकावर एक ठेवून दाखवतो, म्हणून फक्त हलणाऱ्या वस्तूला दाते येतात. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमधलं डीइंटरलेस ‘ऑन’ करा आणि मोड ‘याडिफ’ निवडा. चालू व्हिडिओत कीबोर्डवरचं डी दाबलं तरी चालू-बंद होते. माणसं आडवी ताणलेली दिसली तर ए दाबत राहा, प्रमाण बदलतं.

फाईलचं एमपी४ करायची घाई करू नका. बॉक्स बनवतो त्या टीएस फाईलची एक गोष्ट मला फार आवडते: रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर सगळी फाईल उघडेनाशी होते. आपल्याकडच्या लाइटीला टीएसच बरी.

डिशवाला_आर्वी
त्याच सेकंदाला चौकोन येतात म्हणजे रेकॉर्ड होताना सिग्नल तुटला. तो तुकडा फाईलमध्ये उतरलाच नाही, कोणत्याही सेटिंगनं येणार नाही. छतावर वानरं येतात का? आमच्याकडे निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात. डिशवर उडी मारली की तोंड जरासं फिरते, उन्हात चालून जाते, आभाळ भरलं की तुटते. नट आवळून घ्या आणि बॉक्सच्या मेनूत सिग्नल क्वालिटी पाहत डिश नीट लावा. पुढच्या रेकॉर्डिंगला उपयोगी पडेल.

संत्राबाग_मोर्शी
वानरं रोजच असतात, बागेतून थेट छतावर. डीइंटरलेस केल्यावर हात एकदम स्वच्छ दिसतो. चाकूचा तेवढा क्षण गेला, पण पुढच्या झाडावर ते परत खरवडतात ते पूर्ण आहे, तिथूनच दाखवीन. अजून एक, रेकॉर्डिंगच्या दोन फायली झाल्या आहेत, पहिली बरोबर ४ जीबीला तुटली.

गुरुजी_दारव्हा
पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल, त्यात ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही, म्हणून बॉक्सनं दुसरी सुरू केली. दोन्ही कॉम्प्युटरवर उतरवा आणि व्हीएलसीच्या प्लेलिस्टमध्ये एकाखाली एक टाका, सलग चालतील. ड्रायव्हर टाकून झाला की जीडीआय काढून आउटपुट परत ‘ऑटोमॅटिक’ करा, हार्डवेअर डिकोडिंगही. नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडेल आणि मोठ्या पडद्यावर चित्र अडखळेल.