यकृत प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद: कुणाला जमेल, हे आधी सांगता येतं का?

सूक्ष्मदर्शी:
येतं, पुष्कळसं. 2013 चा युरोपातला प्रौढांवरचा अभ्यास पाहा. 98 जणांची औषधं टप्प्याटप्प्याने काढली. 41 जणांचं औषधांशिवाय निभावलं. प्रत्यारोपणाला 10.6 वर्षांहून जास्त झालेल्यांत यशाचं प्रमाण 79 टक्के, 5.7 वर्षांच्या आतल्यांत फक्त 12.5. ज्यांना रिजेक्शन आलं, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारायला सुरुवात केली, त्यांचं ते बहुतांशी सौम्य होतं, उपचारांनी आटोक्यात आलं. दहा वर्षं उलटलेल्याच्या किडनीवर टॅक्रोलिमसचा (प्रतिकारशक्ती दाबणारं नेहमीचं औषध) मारा का चालू ठेवायचा? कॅलेंडर, म्हणजे प्रत्यारोपणाला उलटलेली वर्षं, हाच सध्याचा सर्वांत भरवशाचा बायोमार्कर (आधीच अंदाज देणारी खूण), आणि फुकट.

गोळाबेरीज:
79 टक्के म्हणजे पाचांतल्या एकाला रिजेक्शन! शिवाय हे आधीच निवडलेले, यकृत उत्तम चाललेले रुग्ण. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) प्रत्यारोपण झालेल्याला हा आकडा लावूच नये. मुलांचं बघा: 2012 मध्ये 20 पैकी 12 यशस्वी, पण त्या सगळ्यांना आई किंवा वडिलांच्या यकृताचा भाग मिळाला होता. पुढच्या मोठ्या अभ्यासात 88 पैकी 33. नमुना वाढला, टक्का घसरला.

खोडरबर:
जनुकांचंही तेच झालं. 2012 मध्ये बायोप्सीतल्या (सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्यातल्या) लोहाच्या चयापचयाशी निगडित जनुकांवरून भाकीत करता येतं असं दिसलं, तेव्हा सगळे खूश. नंतर त्याच चाचणीवर आधारलेल्या 'लिफ्ट' अभ्यासात तिचा अंदाज पुरेसा अचूक निघाला नाही.

सूक्ष्मदर्शी:
@खोडरबर, मान्य. पण भाकीत शंभर टक्के नसलं तरी उतरण, म्हणजे डोस कमी करत नेण्याच्या पायऱ्या, नीट बांधता येते. टॅक्रोलिमस सकाळ-संध्याकाळ 1 मिग्रॅ. घेणाऱ्याचा आधी संध्याकाळचा डोस निम्मा, मग बंद, सकाळचा 0.5 वर, मग दिवसाआड, शेवटी आठवड्यातून दोनदा. पुढची पायरी चार-सहा आठवड्यांनी, दर दोन आठवड्यांनी एएलटी आणि जीजीटी या यकृताच्या रक्तचाचण्या. स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्या दुप्पट झालं की तिथेच थांबायचं. आणि लगेच स्टिरॉइड नको! आधी डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाहही दाखवणारी): पित्तनलिका अरुंद झाली तरी जीजीटी चढतं. मग बायोप्सी. हे सगळं प्रत्यारोपण केंद्राच्या देखरेखीतच. घरच्या घरी गोळी सोडणं ही वेगळीच गोष्ट, तिच्याबद्दल मी बोलत नाहीये.

सुईदोरा:
पायऱ्या ठीक, पण तुमचा पहारेकरीच आंधळा आहे. एएलटी नॉर्मल असतानाही यकृतातल्या पोर्टल भागात (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथून जातात तिथे) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जमतात, फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) सरकत राहतो. म्हणून पहिली गोळी कमी करण्याआधी बायोप्सी हवी, आणि तुकडा किमान 2 सेंटिमीटरचा, निदान 11 पोर्टल ट्रॅक्ट (असे पोर्टल भाग) दिसतील असा. फायब्रोसिस सगळीकडे सारखा नसतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्यावर 'साफ' असा शेरा मारणं म्हणजे खिडकीच्या फटीतून अख्खं घर तपासणं. सोबत दात्याच्या यकृताविरुद्ध तयार होणाऱ्या अँटिबॉडी तपासायच्या, विशेषतः क्लास टू प्रकारच्या. त्या जोरदार असतील तर सुरुवातच करू नये.

सूक्ष्मदर्शी:
2013 च्या त्याच अभ्यासात औषधं सुटलेल्यांच्या यकृतात लक्षणीय, वाढत जाणारी इजा दिसली नाही.

सुईदोरा:
किती वर्षांपर्यंत? चाळिशीतल्या माणसाला अजून तीस वर्षं काढायची असतात. आणि एएलटी नॉर्मल असताना पुन्हा पुन्हा सुई टोचून घ्यायला कितीजण तयार होतील?

गोळाबेरीज:
मग शून्याचा हट्ट कशाला? सकाळची 0.5 ची एक गोळी राहू द्या.

खोडरबर:
ती एक गोळी नक्की काय अडवते, हे कुठल्या तुलनेत दिसलंय? नाहीतर तीही कॅलेंडरसारखीच मनाची समजूत.