चॉकलेट सोल्जर

ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या लढायांची चर्चा पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवरच थांबते, म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४२ च्या कोकोडाबद्दल लिहितो. पापुआतल्या कोकोडाच्या डोंगरवाटेवर ऑस्ट्रेलियन सैनिक जपान्यांशी लढले. तिथे लढलेली ऑस्ट्रेलियाची ३९ वी बटालियन ही परदेशी लढायला गेलेल्या स्वयंसेवकांच्या फौजेतली नव्हती, मिलिशिया, म्हणजे देशाच्या रक्षणापुरती उभारलेली अर्धवेळ फौज होती. या लोकांना देशाबाहेर पाठवायची कायद्याने मुभा नव्हती, पण पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यातला प्रदेश, त्यामुळे तिथे धाडता आलं. स्वयंसेवकांच्या फौजेतले सैनिक मिलिशियावाल्यांना 'चॉकलेट सोल्जर' म्हणायचे. म्हणजे लढाईच्या धगीत वितळणारे! यातले कित्येक जण विशीच्या आतबाहेरचे होते.

ओवेन स्टॅनली डोंगररांगेतली ती कोकोडाची वाट सुमारे ९६ किलोमीटरची. पाऊस, घोट्याच्या वर चिखल, हिरव्यागार रानात उठून दिसणारे खाकी कपडे, त्यात मलेरिया आणि हगवण. तरी ऑगस्टअखेर त्याच वाटेवरच्या इसुरावा गावाजवळ लेफ्टनंट कर्नल राल्फ हॉनरच्या हाताखाली या पोरांनी संख्येने कितीतरी जास्त असलेल्या जपान्यांना रोखून धरलं, आणि लढाई चालू असतानाच कुमक येऊन मिळाली.

आणि जखमींना झोळीसारख्या स्ट्रेचरवरून त्या निसरड्या उतारांवर खांद्यावर वाहून आणणाऱ्या पापुअन हमालांना विसरू नका. त्यांतल्या अनेकांना जबरदस्तीने कामाला लावलं होतं. मला या लढाईत सगळ्यात जास्त त्यांचंच वाईट वाटतं.