आईबाबांना लाउटरब्रुनेनची वाट झेपेल का?

नमस्कार मंडळी,
सध्या हर्णैला घरी आलो आहे. जूनमध्ये आईबाबा माझ्याबरोबर झुरिकला येताहेत. बाबांची सत्तरी उलटली आहे, आईचे गुडघे दुखतात. तरी आल्प्समध्ये त्यांना एक सकाळ पायी फिरवायचं मनात आहे. लाउटरब्रुनेनच्या दरीत कुणी वडीलधाऱ्यांना नेलंय का? चढ किती आहे?

————

दादा, नक्की न्या. गेल्या जुलैत मी अण्णांना नेलं होतं. आत्ता गुहागरला ओटीवर त्यांच्या शेजारी बसूनच लिहिते आहे.

लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ६-७ किलोमीटर आहे आणि तेवढ्यात चढ जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. आपल्याकडची पाखाडी आईंना याहून जड जात असेल. दमलात तर पिवळी पोस्टबस आहे. सकाळी स्वेटर हवाच, कारण दोन्हीकडचे कडे इतके उभे आहेत की तळाला ऊन उशिरा पोचतं.

सुरुवातीलाच श्टाउबबाख धबधबा लागतो, २९७ मीटरचा. खाली येईतो त्याचे नुसते तुषार उरतात. अण्णा तिथे फार रमले नाहीत, पावसाळ्यातला कुंभार्ली घाट त्यांनी जन्मभर पाहिलाय. ते थांबले नदीपाशी. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, आणि काठोकाठ. "भर उन्हाळ्यात एवढं?" त्यांना खरंच वाटेना.

मी सांगितलं, वर हिमनद्या खडक दळत सरकतात, त्याचं पीठ पाण्यात उतरतं. ऊन वाढेल तसं बर्फ वितळतं, म्हणून सकाळपेक्षा दुपारी पाणी जास्त. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. मे महिन्यात वहाळात धोंडे तेवढे दिसतात. पोफळी जगवायला अण्णांनी विहिरीचा तळ बघत कितीतरी उन्हाळे काढलेत. त्या थंडगार पाण्यात हात घालून ते बराच वेळ बसले. मीही घाई केली नाही. तुम्हीही तिथे वेळ ठेवा.

निम्म्या वाटेवर ट्र्युमेलबाख लागतो. डोंगराच्या पोटात दहा धबधबे आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउवरच्या बर्फाचं पाणी तिथून येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या. मला अण्णांचा हात सोडवेना. आईंना मात्र बाहेरच बसवा.

————

ताई, मनापासून आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते विचारताहेत, तिथलं पाणी पिता येतं का?

————

नदीचं नको. गावागावात कुंड्या असतात, त्यांच्या नळाचं खुशाल प्या. फक्त 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. अण्णांनी निघताना दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या.