पादुआतलं प्रातो देल्ला वाल्ले

बरेच जण म्हणतात की व्हेनिसहून इटलीतल्याच पादुआ शहरात जाऊन चित्रकार जोत्तोने रंगवलेलं चॅपेल बघितलं की झालं, अर्ध्या दिवसात परत. अहो, मग प्रातो देल्ला वाल्ले राहिलं की! जवळपास ९० हजार चौरस मीटरचा चौक आहे तो, मधे लंबवर्तुळाकार हिरवं बेट, भोवती कालवा आणि कालव्याच्या दोन्ही काठांवर ७८ पुतळे. पूर्वी इथे दलदल होती, १७७५ मधे आंद्रेआ मेम्मो नावाच्या व्हेनिसच्या अधिकाऱ्याने ती उपसून हे सगळं उभं केलं म्हणून बेटाचं नाव इझोला मेम्मिया. पुतळ्यांचा नियम मला जाम आवडला, जिवंत माणसाचा पुतळा नाही आणि संतांचाही नाही (आपल्याकडे हा नियम लावला तर किती चौक रिकामे होतील!). गॅलिलिओ आहे, कारण तो इथल्या विद्यापीठात शिकवायचा. व्हेनिसच्या काही डोजेंचे, म्हणजे राज्यप्रमुखांचे, पुतळे मात्र नेपोलियनच्या सैनिकांनी फोडले, त्यांच्या जागी आता ऑबेलिस्क, म्हणजे वर निमुळते होत गेलेले दगडी स्तंभ, दिसतात. शनिवारी मोठा बाजार भरतो, निवांत बसायचं असेल तर तो वार टाळा. आणि १५४५ चं बोटॅनिकल गार्डन तिथून चालत अगदी जवळ आहे, तेही करून टाका.