मदत हवी आहे: रूबेन मामुलियानची 'पोर्गी'ची तालीम-प्रत
अभ्यासवर्गासाठी मी दिग्दर्शक रूबेन मामुलियानवर टिपण लिहितेय. संगीतकार जॉर्ज गर्शविनचा ऑपेरा 'पोर्गी अँड बेस' १९३५ साली त्यानेच बसवला. तो ज्या नाटकावरून घडला, ते १९२७चं 'पोर्गी'सुद्धा त्यानेच बसवलेलं. तरी श्रेय गर्शविन आणि मूळ कादंबरीकार ड्यूबोस हेवर्ड यांच्यापाशीच थांबतं, हे मला फार खटकतं. हेवर्डच्या १९२५च्या कादंबरीत नायक पोर्गी शेवटी एकटाच मागे उरतो. नाटकात तो बकऱ्याची गाडी घेऊन प्रेयसी बेसच्या शोधात न्यूयॉर्कला निघतो, आणि ऑपेराचा शेवटही तोच! शिवाय हातोडी, झाडू, घोरणं अशा आवाजांच्या तालावर वस्ती जागी होते, तो नाटकातला प्रवेश तर मामुलियानचाच.

कादंबरी, छापील नाटक आणि ऑपेराची संहिता ताडून झालीय. बदल दिसतात, पण शेवट तालमीत कुणी सुचवला ते त्यातून कळत नाही. चरित्रं नकोत, त्याच्या हातच्या नोंदी हव्यात. त्याचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मला प्रवास शक्य नाही.

तिथं काम केलेलं कुणी सांगेल का: त्या संग्रहात १९२७ची तालीम-प्रत आहे का, आणि भारतातून तिची स्कॅन प्रत कशी मागवायची?