बोट ओढायला डिझेल की पेट्रोल? (मध्ये ११,३०७ फुटांचा घाट आहे)

गोठणेवाला

मंडळी, शेवटी बोट घेतली. सेकंडहँड, वीस फुटी, फायबरग्लासची. बायको म्हणते आता तरी शांत बस, पण खरा प्रश्न पुढेच आहे.

राहतो डेन्व्हरच्या दक्षिणेला. बहुतेक शनिवार-रविवार चॅटफील्डच्या तळ्यावर जाणार, घरापासून अर्धा तास, रस्ता सपाट. पण बोट घेतली ती लेक ग्रॅनबी डोळ्यांपुढे ठेवून. तिकडे जायला आय-७० सोडून यूएस ४० ने बर्थूड पास ओलांडावा लागतो, उंची ११,३०७ फूट. वळणं आपल्या घाटासारखीच, फक्त भजीवाला नाही. उन्हाळ्यात अशा चार-पाच फेऱ्या होतील.

मोठा ट्रक गराजमध्ये मावत नाही, टेप लावून मोजून झालंय. म्हणून मिडसाइज पिकअप. एका यार्डात २०२० च्या दोन शेवी कोलोरॅडो उभ्या आहेत, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह, दोन्हींचं रनिंग जवळपास सारखं. एकीत २.८ लिटर ड्युरामॅक्स डिझेल: १८१ अश्वशक्ती, टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर) ३६९ पौंड-फूट, ओढायची मर्यादा ७,६०० पौंड. दुसरीत ३.६ लिटर व्ही-६ पेट्रोल: ३०८ अश्वशक्ती, टॉर्क २७५, मर्यादा ७,००० पौंड. डिझेलवाली साडेतीन हजार डॉलरने महाग. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, पण मी पेट्रोलच लिहितोय, नाहीतर कोणीतरी सिलिंडर कुठे बसवणार विचारायचं.)

माझा कल डिझेलकडे. वडिलांचा टेंपो होता, लहानपण त्याच्याच धुरात गेलं. ओझं म्हटलं की डिझेल, हे डोक्यात पक्कं बसलंय. चुकतोय का?

नांगरलेला

अजिबात नाही. हेच डिझेल गेली चार वर्षं माझ्याकडे आहे आणि बोट तुमच्याएवढीच. चढावर मागे बोट आहे हे आरशात बघितल्यावरच कळतं. टॉर्क २,००० आरपीएमलाच पूर्ण मिळतो, त्यामुळे गिअर सारखे खाली-वर होत नाहीत. मागे पोरं झोपलेली असतात ती झोपलेलीच राहतात.

आणि लोक चढाचंच बोलतात, उताराचं कोणी बोलत नाही. या डिझेलला कंपनीचाच एग्झॉस्ट ब्रेक आहे, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला रोखतं. विंटर पार्कहून परत येताना माथा ओलांडला की बटण दाबायचं. घरघर असा घशातला आवाज येतो आणि गाडी जणू कोणी मागून शेपूट धरल्यासारखी उतरते. पायाचा ब्रेक लागतो तो फक्त वळणावर. बोट ओढताना अ‍ॅव्हरेज गॅलनला १४-१५ मैल पडतं, व्ही-६ वाल्या मित्राला त्याच रस्त्यावर दहा.

डोळे मिटून डिझेल घ्या.

खटपट्या

डोळे उघडे ठेवून हे वाचा.

चढ चढवते ती अश्वशक्ती. टॉर्क गिअरबॉक्स वाढवून देतो. बोटीचं वजन धाग्यात कुठेच नाही, म्हणून सगळं मिळून दहा हजार पौंड धरू. सहा टक्के चढ, ताशी ४५ मैल. निव्वळ वर चढायला ७२ अश्वशक्ती, वारा आणि टायरचं घर्षण धरलं तर ११० च्या आसपास. विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे अंदाजे तीन टक्के घटते, म्हणजे बर्थूडच्या माथ्यावर ३०८ चे उरले दोनशेच्या थोडे वर. डिझेलला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्यामुळे त्याचे १८१ बरेचसे टिकतात. गणित केलंत तर माथ्यावरसुद्धा पेट्रोलच पुढे, आणि लागतात फक्त ११०. दोन्ही गाड्या आरामात चढतील.

आता पैसे. समजा वर्षाला १२,००० मैल, एरवीचं अ‍ॅव्हरेज पेट्रोलचं २०, डिझेलचं २४. म्हणजे ६०० गॅलन विरुद्ध ५००. पेट्रोल ३.२० आणि डिझेल ३.८० धरलं तर १,९२० विरुद्ध १,९०० डॉलर. वर्षाला वीस डॉलर वाचले! साडेतीन हजार वसूल व्हायला १७५ वर्षं. आपल्याकडे डिझेल कायम स्वस्त असायचं, म्हणून ते बचतीचं इंधन ही समजूत आपण विमानात घालून इथे आणतो. इथे केंद्राचा करच डिझेलवर गॅलनमागे २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४.

नांगरलेला

कागदावर पेट्रोल पुढे आहे हो. पण ती ३०८ मिळते ६,८०० आरपीएमला! माथ्यावर ११० काढायची तर इंजिन चार हजारांच्या वर अर्धा तास किंचाळत राहणार. चढेल, नाही कोण म्हणतंय? मिक्सरमध्ये खोबरं वाटताना गप्पा मारता येतात का, एवढाच प्रश्न आहे.

आणि पैशांचं म्हणाल तर विकताना डिझेलला भाव जास्त येतो. तो आकडा सोयीस्करपणे विसरलात.

मृण्मयी_आर

दोघंही इंजिनातच अडकलात. गोठणेवाला, भरलेल्या बोटीचं ट्रेलरसकट वजन किती? ब्रोशरमधलं नको. ब्रोशरमध्ये टाकी रिकामी, नांगर नाही, दोर नाहीत, ट्रेलरही नाही.

दुसरं, ड्रायव्हरचं दार उघडा, तिथे पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते लिहिलंय. ट्रेलरची दांडी हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, जितका भार टाकते तोही त्यातूनच वजा होतो. मिडसाइजमध्ये ओढायची मर्यादा शिल्लक असते आणि हा आकडा आधी संपतो. डिझेल इंजिन जड असल्याने तिचा आणखी लवकर.

तिसरं, ती ७,००० ची मर्यादा टोइंग पॅकेज असेल तरच. नसेल तर ३,५०० वर या. सेकंडहँड गाडीला मागाहून नुसता हिच बसवलेला असतो आणि विकणारा हसून "हो हो, टोइंग आहे" म्हणतो. वायरिंग, कूलिंग सगळं बघा.

समुद्रकाठचा

आमच्याकडे रत्नागिरीत होडी ओढायला दहा माणसं आणि एक बोंबलणारा लागतो. अ‍ॅव्हरेज माणशी दोन कप चहा. चालू द्या.

दामले_मेकॅनिकल

७,००० आणि ७,६०० या आकड्यांबद्दल. ते एसएई जे२८०७ या ओढायच्या क्षमतेच्या ठरावीक चाचणीचे आहेत. तिच्यातला गाजलेला चढ म्हणजे अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅम ग्रेड, ११.४ मैल. उकाड्यात एसी पूर्ण चालू ठेवून अशा गाडीने ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. चाचणी कडक आहे, पण तो चढ सुरू होतो नदीकाठी आणि संपतो साडेतीन हजार फुटांच्या आसपास. धागाकर्त्याचं घरच त्याहून वर आहे! काही कंपन्या मॅन्युअलमध्ये दर हजार फुटांमागे एकूण वजन दोन टक्के कमी करा असं सरळ लिहितात. त्यामुळे इथे वाद डिझेल-पेट्रोलचा कमी आणि टर्बो आहे की नाही याचा जास्त.

मग टर्बो पेट्रोल का नाही? २०२३ पासूनच्या नव्या कोलोरॅडोत डिझेल बंदच झालं. त्यात २.७ लिटर टर्बो पेट्रोल आहे, सगळ्यात वरच्या ट्यूनमध्ये ३१० अश्वशक्ती आणि ४३० टॉर्क, मर्यादा ७,७००. म्हणजे डिझेलपेक्षा टॉर्कही जास्त. फोर्ड रेंजरचं २.३ लिटर टर्बोही ७,५०० ओढतं.

गोठणेवाला

दामलेसाहेब, नव्या गाडीचं बजेट बोटीत बुडालं. शब्दशः नाही, अजून तरी.

मृण्मयीताई, वजन मोजून सांगतो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला काटा आहे.

नांगरलेला

बजेट असतं तर टर्बो पेट्रोल घ्या मीही म्हटलं असतं. पण समोर दोनच गाड्या आहेत आणि टर्बो एकीलाच आहे. दामल्यांनी माझीच बाजू मांडली, धन्यवाद.

खटपट्या

एक विचारायचं राहिलं. गोठणेवाला, बोट नसते तेव्हा गाडी कुठे कुठे फिरणार?

गोठणेवाला

मी घरून काम करतो. पोरांची शाळा दोन मैल, किराणा तीन मैल. आठवड्यातून एकदा ऑफिस, ११ मैल.

खटपट्या

मग विषय संपला. आता माझी कर्मकथा ऐका. माझाही डिझेल पिकअप होता, कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. ऑफिस चार मैलांवर. डिझेलच्या धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला नळकांडं बराच वेळ चांगलं तापावं लागतं. चार मैलांत ते कोमटही होत नाही. गाडी जाळायला सुरुवात करायची आणि मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बंद करायचो. रोज. शेवटी जानेवारीत एका सकाळी डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीने वेग घ्यायचंच नाकारलं. मागच्या शाळेच्या बसने हॉर्न वाजवला तो अजून कानात आहे. नंतर मी दर रविवारी काही काम नसताना हायवेवर तासभर गाडी फिरवून आणायचो, कुत्र्याला नेतात तशी. बायको विचारायची, कुठे चाललास? मी म्हणायचो, काजळी जाळायला.

शिवाय डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी. ते उणे ११ सेल्सियसला गोठतं. गाडीत हीटर असतो, पण बिघडणारी आणखी एक वस्तू वाढलीच. आणि हे सगळं उपटून टाका सांगणारे महाभाग भेटतील, ते बेकायदा आहे. या इंजिनाला टायमिंग बेल्टही आहे, दीड लाख मैलांना बदलायचा, सेकंडहँड घेताना तेही लक्षात असू द्या.

नांगरलेला

माझं ऑफिस ३५ मैल आहे. मला चार वर्षांत तो दिवा दिसलेला नाही. पण दोन मैलांची शाळा… हं. इथे मी जरा गप्प बसतो.

उताराचा मुद्दा मात्र सोडणार नाही. एग्झॉस्ट ब्रेक पेट्रोलला नाही.

मृण्मयी_आर

उताराचं दोन्हीकडून बघा. बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक पाण्यात बुडतात, म्हणून बहुतेकांना सर्ज ब्रेक असतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्याने दांडीतला पिस्टन दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. म्हणजे गाडीतला महागडा ट्रेलर ब्रेक कंट्रोलर इथे निरुपयोगी. आणि एग्झॉस्ट ब्रेक लावून सलग घाट उतरलात की ट्रेलर सतत ढकलत राहणार, त्याचे ब्रेक सतत थोडे थोडे लागलेले राहणार. आमचं हेच झालं होतं. तळ्यावर पोचलो, हबजवळ हात नेला तर इस्त्रीसारखी धग. तशीच चाकं थंडगार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी खेचलं जातं. पुढच्या फेरीला ग्रीस दुधाच्या चहाच्या रंगाचं निघालं.

इंजिन कोणतंही असो, माथ्यावरच खालचा गिअर टाका, मधूनमधून नीट ब्रेक मारून सोडा, आणि तळ्यावर अर्धा तास थांबून मग ट्रेलर पाण्यात घाला. व्ही-६ टो-हॉल मोडमध्ये (ओढताना लावायचा मोड) स्वतःच गिअर खाली टाकते, तेवढं पुरतं.

गोठणेवाला

काट्यावर जाऊन आलो. ब्रोशरमध्ये बोट ३,१०० पौंड. प्रत्यक्षात ट्रेलर, ४० गॅलन पेट्रोल, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि आधीच्या मालकाने सीटखाली विसरलेली सिमेंटची वीट (का ते विचारू नका) धरून ४,७२०. दांडीचा भार ३९० च्या आसपास. स्टिकरमधून ते वजा केले, आम्ही चौघं, कूलर आणि सासूबाई बसवल्या, तर पेट्रोलवालीत पावणेतीनशे उरतात आणि डिझेलवालीत जेमतेम शंभर.

शाळा दोन मैल ती दोन मैलच राहणार. व्ही-६ घेतली. टोइंग पॅकेज आहे, खाली वाकून वायरिंग बघितलं. वाचलेल्या पैशांतून ट्रेलरचे टायर आणि बेअरिंग नवे.

नांगरलेला

अभिनंदन. बर्थूडच्या चढावरून फोन करा. इंजिनाच्या आवाजात माझं ऐकू आलं तर मी हरलो.

दामले_मेकॅनिकल

अभिनंदन! एक राहिलंच. ८,००० फुटांवर बोटीच्या इंजिनाचीही हवा विरळ होते. चॅटफील्डला उडणारी बोट ग्रॅनबीला नाक वर करून पाणी कापत बसेल. कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर ढकलणारा, प्रोपेलर बघून ठेवा.

मृण्मयी_आर

आणि शिंपल्यांचा प्रसार होऊ नये म्हणून इथे तळ्यावरून निघताना बुडाचा ड्रेन प्लग काढून पाणी काढावं लागतं, तपासणीही होते. तो प्लग गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवा. आमचा एकदा डॅशबोर्डवर राहिला होता. बोट पाण्यात, आम्ही पार्किंगमध्ये, आणि आमचा धाकटा रॅम्पवरून ओरडतोय, "आई, पाय ओले का होतायत?"